भागोजीभाऊजींच्या ट्रकची हॉर्सपॉवर

ट्रकची हॉर्सपॉवर मोजून देणारी बाई, अशी माझी महाडपासून पोलादपूरपर्यंत जी ओळख झाली आहे, ती मी मागून घेतलेली नाही. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ, हे अकरावीच्या मुलांना सांगायचं आणि त्यांनी परीक्षेत कार्य गुणिले वेळ असं लिहिलेलं वाचायचं, एवढाच माझा आणि शक्तीचा संबंध. ट्रकशी तर तेवढाही नव्हता.

रविवारची सकाळ होती, मी आंबोळ्या घालत होते आणि स्वयंपाकघरात एकदम अंधार झाला. महाडला आमच्या गल्लीत अंधार झाला की लोक आधी नदीचा विचार करतात, कारण पुराची रेघ अजून सगळ्यांच्या भिंतींवर आहे. पण खिडकीला ट्रक लागला होता. ट्रकमधून भागोजीभाऊजी उतरले.

भागोजीभाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे, मंगेशचे, चुलतभाऊ. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी आहे. वाडीतली निम्मी घरं मुंबईत राहतात. भाऊजी मागे राहिले आणि त्यांनी सहाचाकी ट्रक घेतला. त्या ट्रकवर त्यांचा इतका जीव की माझ्या हातचा चहासुद्धा ते एक डोळा खिडकीबाहेर ठेवून पितात. त्या दिवशी मात्र त्यांनी चहा पुढे सारला.

"वयनी," ते म्हणाले, "माझ्या गाडीची ताकद मोजून द्या."

मग सगळं प्रकरण बाहेर आलं. वाडीतल्या वाघजाईच्या देवळाचा जीर्णोद्धार चालला होता. देवळासमोर अखंड काळ्या दगडाची दीपमाळ उभी राहायची होती. ती पोलादपूरपर्यंत मोठ्या ट्रेलरवर येणार, आणि तिथून वर वाडीत एखाद्या ट्रकने न्यायची. आमच्या वाडीच्या शेवटच्या चढाला बैलबसणी म्हणतात. नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. ज्याचा ट्रक दीपमाळ वर नेईल त्याने पहिली वात लावायची, असं ठरलेलं. हा मान भाऊजींना मिळणार हे वाडीने धरूनच चाललं होतं. पण तुडीलचा सोनबा, जो आमच्या वाडीचा जावई आहे आणि ज्याचाही ट्रक आहे, तो भर सभेत म्हणाला की भागोजीची गाडी वडत नाय, माझी दीडशे हॉर्सपॉवरची हाय. जावयाला गप्प बस म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

वाडीच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष दत्तारामदादा लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. किती माणसं आणि किती किलो, हे लिहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही वर जाऊ दिलेलं नाही. त्यांनी फोनवरून निकाल दिला, "दोघांचं पण हॉर्सपॉवर प्रूफ पाहिजे. जो जास्त, त्याची गाडी."

भाऊजींच्या इंजिनाला टर्बो आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबणारा एक पंखा, असं मी मंगेशला समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की हवा कोंबून ताकद येत असती तर आपले सुनीलराव कधीच पैलवान झाले असते.

सुनीलराव आमचे शेजारी. कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते नेमकं काय करायचे हे मला आजवर कळलेलं नाही, पण सल्ला देण्याचा भाग त्यात मोठा असावा. खिडकीला ट्रक लागल्यापासून ते आमच्या ओट्यावरच होते. इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र असतं, चाकं रुळांवर ठेवून गाडी जागच्या जागी पळवतात, असं त्यांनी सांगितलं. असं यंत्र जवळपास कुठे आहे, असं विचारल्यावर ते जर्मनीबद्दल बोलू लागले.

इथेच मी गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हणाले की यंत्र कशाला हवं? ट्रकचं वजन माहीत असेल, तो किती उंची चढला ते माहीत असेल आणि किती वेळात चढला ते माहीत असेल, तर हॉर्सपॉवर कागदावर काढता येते. घर्षण थोडं बाजूला ठेवायचं, बस्स. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जुना घाट रिकामाच पडलेला असतो, तिथे करू.

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की तसं कॉलेजच्या एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने पाहिलं नव्हतं. त्या नजरेने माझा घात केला.

वजनासाठी ट्रक भरायला हवा होता. भाऊजींनी दासगावच्या बाजूने जांभ्या दगडाचे चिरे भरून आणले. काट्यावर वजन करून आम्ही घाटाकडे निघालो. भाऊजी चालवायला, मी शेजारी, मांडीवर वही, हातात मोबाइल. पोलादपूरच्या अलीकडे तपासणीच्या एका पथकाने ट्रक अडवला. चिऱ्यांच्या वाहतुकीला पास लागतो, तो आमच्याकडे नव्हता. साहेब सभ्य होते. चिरे कुठे चाललेत, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "कुठेच नाही. घाटात वर जाणार आणि परत खाली आणणार."

"मग नेताय कशाला?"

"वजन म्हणून."

साहेबांनी टोपी काढली. चिरे चोरून नेणारे त्यांनी खूप पाहिले होते, पण चिरे फिरवून आणणारी बाई पहिलीच. त्यांनी माझं नाव, गाव आणि नोकरी विचारली. मी भौतिकशास्त्र म्हटल्यावर शेजारच्या शिपायाने खातं कोणतं असं विचारलं. शेवटी मंगेशला कंपनीतून रजा टाकून यावं लागलं, आणि चिरे जिथून आणले तिथे परत गेले. परतताना मंगेश एक अक्षर बोलला नाही. हा माणूस बोलत असताना बरा, असं मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं.

त्याच आठवड्यात मी प्राचार्यांकडे गेले. दत्तारामदादांना निकाल कॉलेजच्या शिक्क्यानिशी हवा होता. प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की कॉलेज फक्त आपल्या विद्यार्थ्यांना दाखला देऊ शकतं, आणि सदर ट्रक आपला विद्यार्थी नाही. त्याला प्रवेश द्यायचा झाल्यास दहावीची गुणपत्रिका लागेल. ते विनोद करत होते की नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. वाहनांच्या कचेरीत गेले, तर तिथले कारकून म्हणाले की लोक आमच्याकडे टनं विचारतात, घोडे कुणी विचारत नाही. शेवटी दत्तारामदादांनी तोड काढली. मोजणी होताना व्हिडिओ कॉल लावायचा, सगळी कमिटी मुंबईतून बघेल.

वजनाचा प्रश्न सुनीलरावांनी सोडवला, म्हणजे वाढवला. त्यांचं म्हणणं, ज्याला पास लागत नाही असं काहीतरी भरा. वाडीतलं भात भरा, नाहीतरी गिरणीत न्यायचंच असतं. सल्ला ऐकायला इतका बरा होता की तो सुनीलरावांचा आहे हे मी विसरले. भाऊजींनी वाडीत सांगितलं की वयनीच्या प्रयोगानंतर भात गिरणीत फुकट पोहोचतं होईल. मग काय. ज्यांना दिवाळीपर्यंत भरडायचं नव्हतं त्यांनीही कणग्या रिकाम्या केल्या. प्रत्येक पोत्यावर कोळशाने नाव. ट्रक काठोकाठ भरला.

काट्यावर वजन घेतलं, ते वहीत लिहिलं, आणि पुढच्याच वळणावर रस्त्यात बयाबाई उभी. बयाबाई भाऊजींची सख्खी आत्या. तिच्याजवळ दोन पोती, एक कोंबडा आणि ती स्वतः. मी भाऊजींना कळवळून सांगितलं की आता वजन बदलता येणार नाही. भाऊजींनी मला तितक्याच कळवळून सांगितलं की आत्याला नाय म्हटलं तर आपल्याला वाडीत जाता येणार नाय. बयाबाई कोंबड्यासकट माझ्या शेजारी बसली. तिचं वजन मी नजरेने धरलं. तिला ते कळलं असावं, कारण घाटभर तिने कोंबडा आमच्या दोघींच्या मध्ये धरून ठेवला.

घाटाच्या पायथ्याशी मी घड्याळ सुरू केलं. ट्रक निघाला. निघाला म्हणजे काय, आमच्या शेजारून एक गुराखी गुरं घेऊन चालला होता, तो बराच वेळ आमच्या बरोबरीने होता. मग पुढे गेला. वर पोहोचल्यावर मी आकडेमोड केली. दोनदा केली. मोबाइलमध्ये दत्तारामदादा आणि कमिटीचे लोक एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होते.

"एकाहत्तर," मी म्हणाले.

भाऊजी खाली बसले. इंजिन विकणाऱ्यांनी एकशेतीसच्या पुढचा आकडा सांगितला होता. तो आकडा भाऊजींनी वाडीत, सासरी, पोलादपूरच्या नाक्यावर आणि एकदा देवीसमोरसुद्धा सांगितलेला होता. घर्षणात थोडे गेले असतील, असं मी म्हणत होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. "निम्मे," ते पुटपुटत होते, "निम्मे घोडे गेले कुठं?"

बातमी आमच्या आधी वाडीत पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून लोक भाऊजींना भेटायला येऊ लागले. येणारा दाराशी चपला काढी, आत येऊन खाली मान घालून बसे, आणि मग म्हणे की आपल्या हातात काय असतं. जाऊबाईंनी चहा करकरून कंटाळून शेवटी नुसतं पाणी द्यायला सुरुवात केली. माझ्याकडे लोक ज्या नजरेने पाहत होते ती नजर मी डॉक्टरांकडे पाहणाऱ्या नातेवाइकांच्या डोळ्यांत पाहिली आहे. रोग नव्हताच, तपासला म्हणून झाला, असं त्या नजरेत असतं. सोनबासुद्धा आला. त्याने भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला, मोठा उसासा टाकला आणि जाताना ट्रककडे बघून दोन्ही हात जोडले. त्या हात जोडण्याने भाऊजी उठून उभे राहिले.

ट्युनिंग करायचं ठरलं. ट्युनिंग करणारा यशराज पनवेलहून आला. काळा चष्मा, पाठीला लॅपटॉप. हा काय करणार, असं सुनीलरावांनी त्याच्या तोंडावरच विचारलं. तो हसून मला म्हणाला, "मॅडम, कंपनी घोडे बांधून ठेवते. मी फक्त दोर सोडतो." हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असणार, पण भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

यशराजने बॉनेट उघडलं आणि टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणाऱ्या पाइपावर बोट ठेवलं. पाइपाला हातभर चीर होती, आणि ती सायकलच्या ट्यूबने, सुतळीने आणि जाऊबाईंच्या, माझ्या ओळखीच्या, एका जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेली होती. टर्बो जीव तोडून हवा कोंबत होता आणि ती हवा लुगड्यातून बाहेर पळत होती. हे कुणी बांधलं, असं मी विचारलं. भाऊजी म्हणाले की मागं तात्पुरता बांधलेला. मागं म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. नवा पाइप बसला. मग यशराजने लॅपटॉप जोडून इंजिनाच्या डोक्यात काहीतरी नवं भरलं. सुनीलरावांनी लिंबू-मिरची बांधली. इंजिन सुरू झालं तेव्हा गल्लीतल्या खिडक्यांची तावदानं वाजली आणि ट्रकमधून अशी शीळ निघाली की दोन घरांतून कुकर बंद करण्याचा आवाज आला.

आता परत मोजायचं. भात अजून ट्रकमध्येच होतं. वाडीत आता लोक शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून तांदूळ उसना आणत होते, आणि माझा प्रयोग म्हटला की बायका पदर तोंडाला लावत होत्या. त्यामुळे या खेपेला मी कडक झाले. काट्यानंतर ट्रक कुठेही थांबवायचा नाही, आत्या असो, मामी असो, साक्षात वाघजाई असो.

घाटाच्या पायथ्याशी भाऊजींनी टोपी सारखी केली आणि पाय दाबला.

पुढचं मला सलग आठवत नाही. माझी पाठ सीटमध्ये रुतली. झाडं मागे जात होती. मागच्या आरशात काळा धूर आणि त्या धुरात सगळा कोकण गडप. भाऊजी ओरडून काहीतरी सांगत होते, बहुधा आनंदाने. मी एका हाताने दांडा धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलमधून सगळी कमिटी माझ्या नाकपुड्या बघत होती, असं मला नंतर कळलं. वळणांवर मागून काहीतरी धपधप वाजत होतं. मला वाटलं, इंजिन असेल. एवढी ताकद म्हणजे थोडं धपधपणारच.

वर पोहोचलो. मी आकडेमोड केली आणि उत्तर पाहून मला धक्का बसला.

"दोनशे चौदा," मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले.

मुंबईत टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी माझ्या नावाचा जयजयकार केला. भाऊजी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. दत्तारामदादांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "डन. सोनबाचं प्रूफ आलंच नाही. भागोजीची गाडी फायनल." फोन बंद झाला. मग मी उतरून मागे गेले.

मागचा फाळका उघडा लोंबत होता. ट्रकमध्ये पोती होती निम्म्याहून कमी. खाली पाहिलं तर घाटाच्या वळणावळणावर पिवळं भात सांडत आलेलं, जणू कुणाची वरात गेली आहे. फुटलेल्या पोत्यांवर माकडं बसली होती. एक माकड पोत्यावरचं नाव वाचत असल्यासारखं खाली वाकलं होतं. पायथ्याला भरलेला ट्रक वरपर्यंत येता येता अर्धा रिकामा झाला होता, आणि मी गणितात वजन पायथ्याचं धरलं होतं. दोनशे चौदातले कितीतरी घोडे रस्त्यावर सांडलेले होते.

मी रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसले. एका वाडीचं वर्षाचं भात एका घाटात ओतणारी सून, असा माझा लौकिक होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. भाऊजी माझ्याजवळ आले. मला वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "वयनी, पण आकडा भारी आला."

सगळी वाडी खराटे आणि सुपं घेऊन घाटात उतरली. भात गोळा झालं, पण रत्ना, जया, घरचं लाल भात, सगळं एकात एक, आणि त्यात घाटाची खडी. कुणाचं किती, यावर असं भांडण पेटलं की मला मध्ये पडून ज्याच्या त्याच्या पोत्यांच्या प्रमाणात वाटप करावं लागलं. बयाबाईने तिच्या वाट्यातला एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "ह्याचा वजन धरलास काय गो?" अखेर वाडीच्या लोकांनीच ते सगळं मिश्र भात देवीच्या भंडाऱ्याला देऊन टाकलं, तेव्हा कुठे खराटे खाली ठेवले गेले.

त्याच संध्याकाळी मी दत्तारामदादांना फोन करून खरं काय ते सांगितलं. आकडा चुकीचा आहे, ट्रक खरंच किती ताकदीचा आहे ते मला माहीत नाही, पुन्हा मोजावं लागेल. दादांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, कमिटीत पास झालाय," ते म्हणाले. "बॅनर पण गेला छापायला."

बॅनर मी पोलादपूरच्या नाक्यावर पाहिला. मधोमध देवी, एका बाजूला भाऊजींचा ट्रक, आणि दुसऱ्या बाजूला मी, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात माझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. खाली मोठ्या अक्षरांत २१४. कॉलेजचे विद्यार्थी त्या बॅनरखाली उभे राहून फोटो काढत होते.

मला झोप लागेना. आकड्याची लाज होतीच, पण बैलबसणीवर आकडा चढणार नव्हता, माणूस चढणार होता. माझ्या सांगण्यावर विसंबून तो माणूस एवढा थोरला दगड पाठीवर घेऊन जाणार, आणि अर्ध्यावर ट्रक मागे घसरला तर? शेवटी मी ज्याचं तोंड बघायचं नाही असं आमच्या घरात ठरलं होतं, त्याच्याकडे गेले.

तुडीलला सोनबा अंगणात ट्रक धूत होता. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. माझा आकडा खोटा निघाला, भाऊजींचा जीव धोक्यात आहे, तुमची गाडी दीडशेची आहे, तर चढावर तुम्ही मागे राहा. वाटल्यास पहिली वात तुम्ही लावा, मी भाऊजींना समजावते.

सोनबाने पाइप खाली ठेवला. बायको आत आहे का हे वळून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, दीडशे मला कुठं म्हाईत? पेंटरनं मागं लिवला, तो मी बोललो."

मी ट्रकच्या मागे जाऊन पाहिलं. खरंच, दोन मोरांच्या मध्ये १५० एच.पी. असं रंगवलेलं होतं. पेंटरला मोकळी जागा भरून काढायची होती, असं सोनबा म्हणाला. भागोजीचं ठरलं तेव्हा त्यालाच हायसं वाटलं होतं, कारण बैलबसणीला रिकामी गाडी घालतानासुद्धा तो वाघजाईला नारळ बोलायचा. एवढं बोलून त्याने पाण्याचा नळ बंद केला आणि म्हणाला की तरी येतो. एकट्याला कसा सोडायचा.

दीपमाळेचा दिवस उजाडला. ढोल होते, लेझीम होती, मुंबईहून बसगाड्या भरून माणसं आली होती. बैलबसणीच्या पायथ्याशी भाऊजींचा ट्रक उभा. त्यावर गवताच्या भाऱ्यांवर आडवी निजवलेली काळी दीपमाळ, फुलांनी मढवलेली. त्याच्या पाठीला सोनबाचा ट्रक, मध्ये ढकलायला एक जुना टायर, आणि दोन्ही गाड्यांना जोडणारी जाड साखळी. टायर कामाचा, साखळी नुसती धीराची, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. लोकांना सांगितलं की जावई मानाने मागून येतोय. मी पुढच्या ट्रकमध्ये बसले. मंगेशने नको म्हणून पाहिलं. मी म्हटलं की आकडा मी दिलाय.

भाऊजींनी देवीचं नाव घेतलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. शीळ घुमली. ट्रक चढू लागला, हळू पण न थांबता. पहिलं वळण गेलं. मी आरशात पाहत होते. सोनबा मागून नेटाने रेटा देत होता. दुसऱ्या वळणावर करपल्याचा वास आला. मी भाऊजींकडे पाहिलं. तेही नाक वर करून हुंगत होते.

"आपला नाय," ते म्हणाले. "मागचा हाय."

आरशात सोनबाच्या ट्रकखालून निळा धूर येत होता. त्याचा क्लच जळाला होता. मधला टायर सुटून उतारावरून उड्या मारत खाली गेला, ढोलवाले दोन बाजूंना पांगले, आणि सोनबाचा ट्रक मागे घसरू लागला. एक मोठा हिसका बसला. साखळी ताणली गेली. आता भाऊजींच्या गाडीला पाठीवर दीपमाळ होती आणि शेपटीला अख्खा दुसरा ट्रक. आरशात मला काचेमागे सोनबाचा चेहरा दिसला. तोंड उघडं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू तो अजून चालवतोय.

थांबलो असतो तर दोन्ही गेल्या असत्या. हे भाऊजींना मला सांगावं लागलं नाही. त्यांनी पाय तसूभरही उचलला नाही. ट्रकचं नाक थरथरलं. इंजिन असं कण्हलं की मी डोळे मिटले, आणि मला त्या क्षणी सूत्र नाही, आकडा नाही, फक्त तो लुगड्याचा काठ आठवला. आता नवा पाइप आहे, आता नवा पाइप आहे, असं मी पुटपुटत होते. चाकं एक एक वीत पुढे सरकत होती. मग उजेड वाढला, ढोल अचानक जवळ वाजले, आणि जमीन सपाट झाली. मी डोळे उघडले तर समोर देऊळ.

मागच्या चढावरच्या लोकांनी धावत येऊन सोनबाच्या चाकांखाली दगड लावले. पुढच्या लोकांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी दोन ट्रक एकापाठोपाठ वर आलेले पाहिले आणि गुलाल उधळला. भाऊजी स्टिअरिंग सोडेनात. त्यांची बोटं मला एक एक करून उघडावी लागली.

सोनबा उतरला. तो गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या गाडीचा काय झाला, ता सासरी बोलू नका."

तेवढ्यात दत्तारामदादांनी माझ्या हातात माइक दिला. आज ते स्वतः हजर होते, कडक इस्त्रीत. लोकांना आकडा ऐकायचाय, ते म्हणाले, आज किती हॉर्सपॉवर लागली तेवढं सांगा. समोर सगळी वाडी, मुंबईची माणसं, सोनबाची बायको, तिची आई, आणि पहिल्या रांगेत सुनीलराव, जे कुणाच्या आमंत्रणावरून आले होते ते मला ठाऊक नाही. भाऊजी माझ्या बाजूला उभे होते. आज त्यांचा ट्रक दगडासकट दुसरा ट्रक ओढून वर आला होता. एवढा मोठा आकडा या डोंगरात कुणाच्याच नावावर नव्हता, आणि तो या वेळी खरा होता. त्यांनी छाती पुढे काढली होती.

मी सोनबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"दोन्ही गाड्या मिळून वर आल्या," मी म्हणाले.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने वाक्यात चूक नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तारामदादांचा चेहरा थोडा पडला, त्यांना आकडा हवा होता. भाऊजी चमकून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना धक्का बसला होता, आणि या सगळ्या प्रकरणात त्यांना बसलेला तोच सगळ्यांत मोठा असावा. मग त्यांनी सोनबाकडे पाहिलं, त्याच्या अजून स्टिअरिंग धरल्यासारख्या वळलेल्या हातांकडे पाहिलं. पहिल्या वातीसाठी देवळाच्या पायरीवर ठेवलेली काडेपेटी उचलून ती त्यांनी त्या हातांत दिली.